उंबरमाळचा उतार

सासूबाईंना माहेरी जायचं होतं. माहेर काही लांब नव्हतं. राजूरच्या आमच्या घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की डोंगराची एक सोंड दिसते. तिच्या माथ्यावर उंबरमाळ नावाची लहानशी वाडी आहे. एसटी पायथ्यापर्यंत जाते. पुढे पाऊलवाट, धडधाकट माणसाला दीडेक तासाची चढण. सासूबाई ती वाट सहा वर्षांत चढल्या नव्हत्या. त्यांचे गुडघे धरले होते.

वर त्यांची थोरली बहीण राहायची, झुंबरबाई. घरात मुलगा नव्हता, म्हणून वडिलांनी थोरलीसाठी घरजावई आणला आणि धाकटीला, म्हणजे सासूबाईंना, खाली राजूरला दिलं. आईवडील गेल्यावर झुंबरबाईंचं घर हेच माहेर उरलं. पण गुडघ्यांचं दुखणं दोघींनाही सारखंच लागलं होतं. वरची खाली उतरू शकत नव्हती आणि खालची वर चढू शकत नव्हती.

बाजारच्या दिवशी उंबरमाळची माणसं हिरड्याची ओझी घेऊन राजूरला येत. त्यांच्याबरोबर निरोप येई. निरोप दोन वाक्यांचा असे. गाय व्याली, किंवा नातवाला गोवर आला. सासूबाई त्या माणसाला ओट्यावर बसवून चहा देत आणि निरोपात नसलेलंच जास्त विचारत. झुंबर कुठं बसली होती, दारात की चुलीपाशी? लुगडं कोणतं होतं? बोलताना हसली का? माणूस बिचारा आठवून आठवून काहीतरी सांगे. तो गेला की त्या मागच्या दारात जाऊन उभ्या राहत.

डोलीचा उपाय सगळ्यांनी सुचवून झाला होता. आमच्या डोंगरात आजारी माणसाला कांबळ्याची झोळी करून, ती बांबूला अडकवून चौघं जण खांद्यावरून नेतात. बाळंतपणात अडलेली बाई, साप चावलेला माणूस असेच डोलीतून खाली येतात. सासूबाईंना तो विषयच खपत नसे. शेजारच्या केशरबाईंनी एकदा आग्रह केला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माहेराला पायानं जात्यात, केशर. डोलीत घालून नेलं तर झुंबर आधी छाती बडवून घ्येईल, मग माझं तोंड बघंल."

मी या घरात आले ती नगरहून, १९६९ साली. बी. एस्सी. झाले होते. राजूरच्या हायस्कुलात हे गणित शिकवत आणि मी विज्ञान. सासूबाई मला 'मास्तरीण' म्हणत, समोरही आणि मागेही. पहिलं वर्षभर आमचं बोलणं मीठ, पाणी, चाव्या एवढ्यापुरतंच होतं. भांडण नव्हतं. दोघींनाही जास्त बोलायची सवय नव्हती, एवढंच.

सत्तर सालच्या दिवाळीनंतर आम्ही त्यांना संगमनेरला नेऊन गुडघ्यांचे फोटो काढले. डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरून मला दाखवला. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसायला हवी, ती आतल्या बाजूला जवळजवळ नव्हती. मधली कूर्चा झिजली होती. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं थांबे, पण पोटात आग पडे. महिन्याभरात सासूबाईंनी त्या गोळ्या गोठ्याच्या कोनाड्यात ठेवून दिल्या.

मग मी त्यांना राधाकृष्ण वैद्यांकडे घेऊन गेले. वैद्य पुण्याला आयुर्वेद शिकून आलेले, आता साठीच्या पुढचे, मोजकं बोलणारे. त्यांनी गुडघ्यावर तळहात ठेवून सासूबाईंना पाय हलवायला सांगितलं. मलाही हात ठेवायला लावला. आत वाळूतून चाक गेल्यासारखं कुरकुरत होतं. ते म्हणाले की हा संधिवातातला झिजेचा प्रकार, झिजलेलं परत येत नाही आणि तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मात्र ताठरपणा कमी करता येतो, दुखणं कमी करता येतं, भोवतीचा स्नायू बळकट करता येतो. त्याला एक हिवाळा द्या.

मला त्यांचं हे बोलणं आवडलं. सासूबाईंना एवढंच विचारायचं होतं की फाल्गुनात उंबरमाळ चढता येईल का. वैद्य म्हणाले, बघू.

घर बदलायला लागलं. रात्री झोपताना सुंठीच्या काढ्यात एरंडेल, जेवणानंतर गरम पाण्याशी गुग्गुळाच्या गोळ्या. वाल, पावटा, शिळा भात बंद. आणि उकिडवं बसणं पूर्ण बंद. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण बाईचं सगळं काम जमिनीवर. ह्यांनी गवंडी बोलावून चूल उंच ओट्यावर घेतली. सासूबाई उभ्यानं भाकरी थापतात हे बघायला आळीतल्या बाया येऊन गेल्या. केशरबाई म्हणाल्या, "मनकर्णे, आता मडमेवानी झगा घाल म्हंजी झालं." सासूबाईंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "झगा तू घाल. तुझं गुडघं दाखवन्याजोगं हायेत."

तेल मी घरी करत असे. निर्गुंडीचा पाला उंबरमाळहूनच येई. तिथल्या ओढ्याला तो भरपूर होता, आणि झुंबरबाईंनी निरोप मिळाल्यापासून दर बाजाराला एक भारा पाठवायचा नेम धरला होता. पाला वाटून त्याचा रस काढायचा, तिळाच्या तेलात घालायचा आणि मंद आचेवर ठेवायचा. रसातलं पाणी आहे तोवर तेल एका मर्यादेपलीकडे तापत नाही. पाणी संपलं की फेस बसतो आणि वास बदलतो. वैद्यांनी खूण सांगितली होती की वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी आहे, नीट जळली तर तेल सिद्ध झालं. मी शाळेत उत्कलनबिंदू शिकवत होते. घरी तोच धडा मला जास्त नीट कळला. झालेल्या तेलातली अर्धी बाटली परत वर जाई.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर जानुबस्ती. उडदाच्या पिठाची कणीक घट्ट मळून तिची जाड वळी करायची आणि ती गुडघ्याभोवती गोल बसवायची, बोटानं लिंपून, गळणार नाही अशी. त्या आळ्यात कोमट तेल ओतायचं. निवलं की कापसानं टिपून काढायचं आणि पुन्हा कोमट करून ओतायचं. एक गुडघा झाला की दुसरा. मग निर्गुंडीच्या पाल्याच्या पुरचुंडीनं शेक, आणि शेवटी पाय सरळ करून, ताणून, धरून ठेवायचा व्यायाम.

तेल गुडघ्यावर असताना हलायचं नसतं. तेवढा वेळ सासूबाई खाटेवर पाय पसरून बसत आणि मी खाली तेलाच्या शेगडीशी. हलता येत नाही म्हणून त्या बोलू लागल्या. सगळं झुंबरबाईंचं. लहानपणी दोघी करवंदांना गेल्या आणि धाकटी कड्यावर अडकली, तेव्हा थोरलीनं स्वतःचं लुगडं सोडून त्याचा दोर केला आणि परकरावर घरी गेली, मार खाल्ला, पण कारण सांगितलं नाही. सासूबाई सासरी निघाल्या तेव्हा थोरली रडली नाही, तिनं फक्त वाटेतल्या दगडांवर सांडलेला पाचोळा झाडून ठेवला होता, बहिणीचा पाय घसरू नये म्हणून. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नसत. तेलाकडे बघत. मी ऐकत असे, आणि तेल निवत आलं की उठत असे.

त्या हिवाळ्यात मला कळलं की मी शाळेतून निघताना पावलं भराभर टाकते. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. घरी कोणीतरी पाय पसरून आपली वाट बघतंय, ही गोष्ट मी विसरले होते.

माघ संपता संपता सासूबाई सकाळी कण्हल्याशिवाय उठू लागल्या. मग काठी घेऊन बाजारापर्यंत, मग काठीशिवाय. वैद्यांनी गुडघे पुन्हा तपासले. मी तेव्हा शाळेत होते, त्या एकट्याच गेल्या होत्या. घरी येऊन म्हणाल्या, वैद्यांनी चढायला हरकत नाही सांगितलं.

शिमग्याच्या आधी आम्ही त्यांना पायथ्याशी सोडायला गेलो. उंबरमाळचा कारभारी, झुंबरबाईंचा मुलगा, न्यायला आला होता. सासूबाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं, पदराला बहिणीसाठी चोळखण बांधला होता. दोन्ही गुडघ्यांना मी तेल लावून फडकं गुंडाळलं. त्या निघाल्या. थोडं चढायच्या, दगडावर टेकायच्या, पुन्हा चढायच्या. पहिल्या वळणाआड गेल्या तरी आम्ही उभे होतो. संध्याकाळी वरून येणाऱ्या एका माणसानं सांगितलं, म्हातारी पोचली, दोघी दारातच बसल्यात, आत जाईनात.

आठ दिवसांनी येणार म्हणाल्या होत्या. महिना झाला. निरोप आला की झुंबरचा पाय बघते आणि येते. मग निरोप आला की येईन. मग नुसतीच खुशाली येऊ लागली. घरात संध्याकाळी मी शेगडीशी बसे आणि हातांना काम नसे. उंच ओट्यावरची चूल माझ्या मापाची नव्हती, त्यांच्या मापाची होती. हे रोज जेवताना मागच्या दाराकडे बघत.

चैत्रात ह्यांनी धीर सोडला. चार माणसं आणि डोली घेऊन वर गेले. पावसाळा लागला की ती वाट चार महिने शेवाळते, माणूस धड उतरत नाही. म्हणून आताच आणायचं, असं ठरवून गेले. संध्याकाळी रिकामी डोली घेऊन परत आले. मी विचारलं तेव्हा चिडून म्हणाले की आई डोलीत बसायला तयार नाही, आजारी नाही म्हणते. मावशीनं तर वर थट्टा केली, "काकासाहेब, तूच बस डोलीत, चढून दमला आसशील." चौघांना पोटभर जेवायला घातलं आणि पाठवून दिलं.

त्याच आठवड्यात बाजारात मला वैद्य भेटले. त्यांनी विचारलं, "मनकर्णाबाई उतरल्या का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले की त्या तपासायला एकट्या आल्या होत्या, तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. चढताना मांडीचा जोर लागतो, तो त्यांनी कमावला आहे. उतरताना प्रत्येक पावलाला अंगाचं सगळं ओझं, झोक्यासकट, गुडघ्याच्या वाटीखाली येतं. त्या झिजलेल्या जागेवर. वर जाल, पण आपल्या पायानं खाली याल याची खात्री मी देत नाही. "त्या म्हणाल्या, घरी बोलू नका. औषध घेणाऱ्याचं गुपित वैद्यानं राखायचं असतं. आता मात्र तुम्हाला ठाऊक असायला हवं."

मी पालेभाजी घ्यायला आले होते. न घेताच घरी गेले. ह्यांना त्या दिवशी काही सांगितलं नाही. आधी सासूबाईंशीच बोलायचं होतं.

शाळेला सुट्टी लागल्यावर मी वर गेले. सोबत तेलाची बाटली आणि उडदाचं पीठ होतं. अंगणात शिरले तर दोघी बहिणी ओसरीवर भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. चारही गुडघे ओळीनं उघडे. झुंबरबाईंच्या गुडघ्याभोवती कणकेचं आळं होतं आणि सासूबाई वाकून त्यात तेल ओतत होत्या. कणीक नीट लिंपली होती, कुठे गळत नव्हतं. थोरली बहीण मी मनात धरली होती त्यापेक्षा फार लहान होती, सुकलेली, डोळे मात्र चकचकीत.

"आली बघ तुझी मास्तरीन," झुंबरबाई म्हणाल्या. "आता आमची परीक्षा घ्येनार."

सासूबाई उठू लागल्या. मी त्यांना बसवलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, तेलकट हात. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. झुंबरबाईंच्या सुनेनं सांगितलं की मावशी आल्यापासून आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, धरून धरून का होईना, अंगणभर चालतात. दोन वर्षं ओसरीच्या खाली उतरल्या नव्हत्या. रात्री दोघींचं बोलणं संपत नाही, आम्हाला झोपू देत नाहीत, असंही तिनं सांगितलं आणि हसली.

ऊन कलल्यावर सासूबाई मला वाडीच्या कडेला घेऊन गेल्या. तिथून वाट खाली सुटते. दूर राजूर दिसत होतं, धुरकट, झाडीत. आपलं घर कोणतं, असं त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. घर दिसत नव्हतं, नुसती मागच्या दारातली चिंच दिसत होती. त्या म्हणाल्या की त्या रोज इथे येतात आणि त्याच चिंचेकडे बघतात.

मी म्हणाले, "आई, मला वैद्य भेटले होते."

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "सांगितलं व्हय म्हाताऱ्यानं."

"तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आस्तं तर जाऊ दिलं आस्तंस?"

 मी उतरायची रीत सांगितली. काठी खाली आधी, मग जास्त दुखणारा पाय, मग दुसरा. अंग आडवं ठेवायचं, पावलं लहान. बसत बसत उतरलं तर दिवसभरात जमेल. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि काठी मागितली. मी खाली वाटेवर उभी राहिले. त्या वाटेच्या पहिल्या दगडावर उतरल्या, मग दुसऱ्या. तिसऱ्या दगडावर पाय टेकला आणि गुडघा आतून सुटला. मी त्यांना धरलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. तिथेच दगडावर आम्ही दोघी बसलो. गुडघ्यावर हात ठेवला तर आत तीच कुरकुर होती.

"न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या. रागानं नाही, पीठ संपलं असं सांगावं तसं.

मागे ओसरीवरून झुंबरबाईंनी हाक मारली, मने, कुठं हाईस? सासूबाईंनी ओरडून सांगितलं की हितंच हाय. मग बराच वेळ त्या खाली बघत राहिल्या.

"खाली हुते तवा हिची आठवन," त्या म्हणाल्या. "हितं आले तर सांज झाली की तुझी. तेल गरम करत आसंल का, कुनाचं करत आसंल. येडंच हाय." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू म्हनलीस तर बसंन मी डोलीत. काकासायबाला न्हाई म्हनले. तुला न्हाई म्हननार न्हाई."

मला तेच ऐकायचं होतं. घरून निघाल्यापासून मी याचसाठी शब्द जुळवत होते. चार माणसं उद्याच सांगता आली असती. पाऊस लागायला अजून अवकाश होता. घरी संध्याकाळ झाली असती, मी तेल कोमट केलं असतं.

ओसरीवर झुंबरबाई भिंत धरून उभ्या राहिल्या होत्या. बहिणीला परत यायला उशीर का होतोय हे बघायला त्या एकट्या उठल्या होत्या, आणि आता पायरी उतरावी की नाही या विचारात होत्या. त्यांनी एक पाय खाली सोडला, वर घेतला, पुन्हा सोडला.

"पावसाळा इथेच काढा, आई," मी म्हणाले. "वाट सुकली की मी येते. तेव्हा बघू."

त्यांनी मान हलवली. माझा हात त्यांच्या हातात होता, तो त्यांनी सोडला नाही. थोड्या वेळानं आम्ही उठलो. चढ तीनच दगडांचा होता. तो त्या कुणाचा हात न धरता चढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. खाली ह्यांना काय सांगायचं ते ठरलं होतं. वैद्यांनी सांगितलेलं सगळं, आणि डोली पुन्हा न्यायची नाही हेही. डोलीचं मी त्यांना न विचारता ठरवलं यावरून ते रागावतील हे मला कळत होतं.

त्या बाजूला पद्धत आहे की कोणी वाट उतरायला लागलं की वरच्या माणसानं प्रत्येक वळणावर हाळी द्यायची आणि खालच्यानं ओ द्यायची. म्हणजे माणूस पडलं नाही हे कळतं. पहिल्या वळणावर दोन आवाज आले. सासूबाई 'मास्तरीन' म्हणून ओरडल्या, आणि त्यांच्यामागून झुंबरबाईंचा पातळ आवाज, तेच. मी ओ दिली. दुसऱ्या वळणावरही दोन. मग दरी मध्ये आली. त्यानंतर आवाज एकच येऊ लागला, त्यातले शब्द गळून गेले, नुसता सूर पोचत होता. मी दर वेळी थांबून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओ देत होते. खालच्या टप्प्यावर मी बराच वेळ उभी राहिले. वारा उलटा फिरला होता. वरून हाळी आली असेल असं धरून मी ओ दिली, आणि पायथ्याची एसटी गाठायला निघाले.